बँकेतील शिकवणी : खतावणीपासून पडद्यापर्यंत

जुन्या आणि मोठ्या संस्थेत नवे यंत्र आणणे सोपे असते. तेथील माणसांनी ते आपलेसे करणे अवघड असते. यंत्र पैसे मोजले की मिळते, माणसाचा विश्वास तसा मिळत नाही. आपल्या बँकांनी आपल्या नोकरवर्गास कसे शिकविले, हा इतिहास याची साक्ष देतो. म्हणून आजच्या विवेचनासाठी आम्ही तोच घेतला आहे.

आरंभी बँकेतील शिक्षण म्हणजे शेजारच्या टेबलावरचे शिक्षण होते. नवा कारकून जुन्याच्या बाजूस बसे. खतावणी कशी लिहावी, सही कशी पडताळावी, संध्याकाळी शिल्लक जुळली नाही तर चूक कोठे शोधावी, हे तो पाहून पाहून शिके. १९२८ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स स्थापन झाली आणि तिच्या परीक्षांनी या अनुभवास पुस्तकी ज्ञानाची जोड दिली. १९५४ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईस बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढले, तेव्हा शिकवणी टेबलावरून वर्गात आली.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्या वेळी देशात व्यापारी बँकांच्या शाखा आठ हजारांच्या आसपास होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. एवढ्या शाखांना शेजारी बसवून शिकविणारे अनुभवी कारकून आणायचे कोठून? प्रशिक्षण केंद्रे वाढविणे भागच होते.

आता यंत्राकडे वळू. हिशेबाचे यंत्र आले की प्रथम भीती येते, आणि ती भीती अडाणीपणाची नव्हे. आयुर्विमा महामंडळाच्या संगणकाविरुद्ध १९६० नंतरच्या दशकात कलकत्त्यास कर्मचाऱ्यांनी जो लढा दिला, त्याच्या मुळाशी पोटाचा प्रश्न होता. ज्याला आपले काम जाईल असे वाटते, त्याला ते काम संपविणारे यंत्र चालविण्यास शिकविणार तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर बँकांना वर्गात मिळाले नाही, ते वाटाघाटीच्या टेबलावर मिळाले. १९८३ च्या सप्टेंबरात बँकांची संघटना व कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात करार झाला. कोणती यंत्रे कोठे वापरावयाची, याच्या मर्यादा त्यात ठरल्या. पुढे १९८४ मध्ये रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने शाखांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला. १९८९ च्या दुसऱ्या अहवालाने आणि १९९३ च्या नव्या कराराने वाट रुंद केली. आमच्या मते १९८३ चा करार हाही प्रशिक्षणाच्याच इतिहासातील एक टप्पा होय. भय कमी झाल्याखेरीज धडा मनात उतरत नाही.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी कोअर बँकिंग आले, आणि शाखेशाखेतील खतावण्या एका मध्यवर्ती यंत्रात गेल्या. या बदलाची किंमत सर्वांत अधिक मोजली ती जुन्या कारकुनाने. वळणदार अक्षर आणि तोंडी बेरीज हा त्याचा पंचवीस वर्षांचा अभिमान. तो एकाएकी निरुपयोगी ठरला, आणि काल लागलेल्या मुलाकडून त्याला कळफलक शिकावा लागला. शेजारच्या टेबलाची शिकवणी परत आली, परंतु गुरू व शिष्य यांच्या जागा बदलल्या.

आज धडे पडद्यावर असतात. २०२० च्या महासाथीत वर्ग बंद पडले, तेव्हा या पद्धतीचा मोठाच आधार झाला. आडगावच्या शाखेतील कर्मचाऱ्यास तोच धडा मिळतो जो मुंबईच्या मुख्य कचेरीत मिळतो. ही समता लहानसहान नव्हे. परंतु दिवसभर खिडकीवर गर्दी असताना धडा पुरा करण्याचा हुकूम सुटला, तर माणूस बटणे दाबून तो संपवितो. कागदोपत्री शिक्षण झाले, अंगी काहीच लागले नाही.

पडदा कोणते बटण दाबावे ते चांगले शिकवितो. पण समोर उभी असलेली म्हातारी दूरध्वनीवर कोणाशी तरी बोलत आपली सारी ठेव मोडावयास आली, तर थांबून दोन शब्द विचारावेत, हे शेजारचा जाणता माणूसच शिकवितो. म्हणून संस्थांनी धडा पडद्यावर अवश्य द्यावा. मात्र तो शिकण्यास कामाच्या वेळातला तास द्यावा, आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवू नये.