काकांचा एचएमटी

1956 साली किनवट-राजुरा मुंबई राज्यात गेले, आमचा बेला-जैनथचा पट्टा आंध्रात राहिला. घरात मराठीच. ट्रॅक्टरच्या सामानाची यादीसुद्धा मराठीत.

1969 ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, शेतीला कर्ज मिळू लागलं. 1971 पासून एचएमटी पिंजोरला झेटोरचा 25 अश्वशक्तीचा 2511 बनवू लागली. काकांनी तोच घेतला. हप्ते फिटले, ट्रॅक्टर राहिला.

काळ्या रानात धूळ भयंकर. काका दर आठवड्याला एअर क्लीनरची तेलाची वाटी उघडून गाळ बघत. ते चुकलं की धूळ लायनर-पिस्टन खाते, मग इंजिनकामात एका हंगामाचा कापूस जातो. डिझेल संपून एअर धरली, तर फिल्टरचा बोल्ट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा. हे चुलतबहिणीलाही येई. कपाशीच्या ओळींसाठी मागच्या रिम उलट्या लावून चाकांतलं अंतर वाढवलं, बैलांचेच तीन डवरे लोखंडी दांडीला बांधले. गावात हसले, पुढच्या वर्षी तेच करून घेतलं!

2016 मध्ये सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. मुलं म्हणतात, भंगारात द्या. घसारा लावला तर किंमत केव्हाच शून्य, हे मीही मानतो. पण यंदाची वखरणी चुलतभावाने त्याच्यावरच केली.