लिनक्ससाठी लॅपटॉप निवडताना : नाममुद्रेपेक्षा सुटे भाग महत्त्वाचे

नवी दिल्ली : विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर आवश्यक आहेत. इंटेलच्या बाबतीत ही मर्यादा साधारणतः आठव्या पिढीपासून सुरू होते. त्यामुळे सुस्थितीत असलेले असंख्य जुने लॅपटॉप नव्या विंडोजसाठी अपात्र ठरले आहेत. अशा वेळी लिनक्सचा पर्याय अनेकजण गांभीर्याने पडताळून पाहत आहेत. जुन्या यंत्रावर लिनक्स वापरण्याचा प्रयोग फसला तरी फारशी हानी होत नाही. नवा किंवा वापरलेला लॅपटॉप खास लिनक्ससाठी विकत घेताना मात्र निवड चुकली, तर तिची किंमत रोख मोजावी लागते.

'लिनक्स चालत नाही' हे कारण विक्रेत्याच्या दृष्टीने दोष ठरेलच असे नाही. ऑनलाइन खरेदीत अनेक विक्रेते लॅपटॉपचे पैसे परत न करता केवळ तेच मॉडेल बदलून देतात. म्हणूनच पडताळणी पैसे देण्यापूर्वी व्हायला हवी.

अडचण नेमकी कोठे येते?

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला लिनक्स हा वस्तुतः कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आहे. उबंटू, फेडोरा, डेबियन, लिनक्स मिंट ही त्याभोवती रचलेली वितरणे होत. विंडोजमध्ये बहुतेक सुट्या भागांचे ड्रायव्हर त्या भागांचे उत्पादक पुरवतात. लिनक्समध्ये बहुतांश ड्रायव्हर कर्नलमध्येच समाविष्ट असतात. ड्रायव्हर कर्नलमध्ये असेल, तर वापरणाऱ्याला वेगळे काहीही बसवावे लागत नाही. तो नसेल, तर उत्तम प्रतीचा भागही निरुपयोगी ठरतो.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, लॅपटॉप कोणत्या कंपनीचा आहे यापेक्षा त्यात कोणते भाग बसवले आहेत हे अधिक महत्त्वाचे. दुसरी, लॅपटॉप जितका नवा, तितका कर्नलही नवा हवा. इंटेलच्या एएक्स२१० या वाय-फाय कार्डाचे उदाहरण बोलके आहे. त्याचा आधार डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५.१० या कर्नलमध्ये आला. एप्रिल २०२० मधील उबंटू २०.०४ मूळ स्वरूपात ५.४ कर्नलसह आले होते. त्यामुळे तेव्हाच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर ते बसवणाऱ्यांना वाय-फाय दिसतच नसे. कार्ड आणि लिनक्स दोन्ही निर्दोष होते, केवळ त्यांचा काळ जुळत नव्हता.

बाजारात येऊन वर्ष-दीड वर्ष झालेले मॉडेल लिनक्ससाठी सहसा अधिक भरवशाचे असते, ते यामुळेच. अगदी नवे मॉडेल घ्यायचेच असेल, तर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारे फेडोरा किंवा उबंटूची सर्वांत अलीकडची आवृत्ती निवडणे सयुक्तिक ठरते.

कोणते भाग तपासावेत?

वाय-फाय : इंटेलची कार्डे सर्वांत कमी त्रास देतात. मीडियाटेक आणि रिअलटेकची अलीकडची अनेक कार्डे नव्या कर्नलवर चालतात, तथापि नेमका क्रमांक पाहणे इष्ट. ब्रॉडकॉमच्या काही कार्डांसाठी स्वतंत्र ड्रायव्हर बसवावा लागतो. तो उतरवण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी तोच ड्रायव्हर हवा, असा पेच निर्माण होतो. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट वापरल्यास हा पेच सुटतो.

ग्राफिक्स : इंटेल आणि एएमडी यांच्या अंगभूत ग्राफिक्सचे मुक्त ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत. कार्यालयीन काम, अभ्यास, चित्रपट पाहणे आणि प्रोग्रामिंग यांसाठी ते पुरेसे आहेत. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला. मात्र संपूर्ण क्षमतेसाठी कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर आजही बसवावा लागतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये बॅटरी लवकर उतरणे, बाहेरचा पडदा न ओळखला जाणे अशा तक्रारी उद्भवू शकतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अभ्यासासाठी एनव्हिडियाचे 'कुडा' तंत्र आवश्यक असेल, तर ही तडजोड समर्थनीय आहे. इतरांनी त्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

प्रोसेसर : इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर सुरक्षित निवड होय. २०२४ पासून आलेल्या स्नॅपड्रॅगन एक्स मालिकेच्या लॅपटॉपवर लिनक्सचा आधार मॉडेलनुसार कमी-अधिक आणि पुष्कळदा अपुरा आहे. ॲपलच्या एम१ आणि एम२ चिप असलेल्या मॅकसाठी 'असाही लिनक्स' हा स्वयंस्फूर्त प्रकल्प उपलब्ध आहे. पण केवळ लिनक्स वापरण्यासाठी मॅक विकत घेणे व्यवहार्य नाही.

झाकण मिटल्यावरची निद्रावस्था : कागदावरील तपशिलात ही बाब कधीच दिसत नाही, पण रोज जाणवते. पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये निद्रावस्थेत जवळजवळ सर्व भागांचा वीजपुरवठा बंद होई. नव्या अनेक लॅपटॉपमध्ये त्याऐवजी, फोनप्रमाणे अर्धवट जागी राहणारी पद्धत आली आहे. लिनक्समध्ये ती नीट जुळली नाही, तर रात्री भरलेली बॅटरी पिशवीतल्या पिशवीत उतरते.

कॅमेरा आणि बोटाच्या ठशाचे यंत्र : अंतर्गत यूएसबीने जोडलेले नेहमीचे कॅमेरे लिनक्सवर विनासायास चालतात. इंटेलच्या बाराव्या पिढीपासूनच्या काही महागड्या, सडपातळ लॅपटॉपमध्ये मात्र वेगळ्या पद्धतीने जोडलेले कॅमेरे आहेत आणि त्यांचा आधार मिळण्यास बराच विलंब लागला. ठसा वाचणाऱ्या यंत्रांपैकी काहीच मॉडेल चालतात. ते न चालल्यास पासवर्डने काम भागते, पण ऑनलाइन मुलाखत किंवा वर्ग असलेल्या विद्यार्थ्याचे कॅमेऱ्यावाचून भागत नाही.

स्मृती आणि साठवण : आठ जीबी रॅमवर दैनंदिन कामे होतात. लॅपटॉप पाच-सहा वर्षे वापरायचा असेल, तर १६ जीबी घेणे योग्य. रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली आहे की पुढे वाढवता येते, हे विचारून घ्यावे. साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी.

आधीच तपासलेली मॉडेले

डेलने २०१२ मध्ये एक्सपीएस १३ हा लॅपटॉप उबंटूसह विक्रीस आणला. लेनोव्होने २०२० मध्ये थिंकपॅडच्या काही मॉडेलांवर फेडोरा बसवून देण्यास प्रारंभ केला. उबंटूची पालक कंपनी कॅनॉनिकल ही प्रमाणित मॉडेलांची यादी आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. तिच्यात डेल लॅटिट्यूड, लेनोव्हो थिंकपॅड आणि एचपी एलिटबुक या व्यावसायिक मालिकांतील मॉडेले मोठ्या संख्येने आढळतात. या तिन्ही कंपन्या आपल्या अनेक मॉडेलांसाठी फर्मवेअरच्या सुधारणाही लिनक्समधून थेट मिळतील अशी व्यवस्था करतात.

यादी वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रमाणपत्र विशिष्ट मॉडेल आणि उबंटूच्या विशिष्ट आवृत्तीपुरते असते. एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वेळी वेगळे वाय-फाय कार्ड असू शकते. त्यामुळे मालिकेचे नाव नव्हे, तर खोक्यावरील पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवून पाहावा.

कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेली याच मालिकांची जुनी यंत्रे दिल्लीतील नेहरू प्लेस, मुंबईतील लॅमिंग्टन रोड, बंगळुरूतील एस. पी. रोड, चेन्नईतील रिची स्ट्रीट अशा बाजारांत उपलब्ध होतात. मर्यादित खर्चात लिनक्स वापरू इच्छिणाऱ्यांसाठी हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे. तेथे बॅटरीची उरलेली क्षमता, बिजागऱ्या आणि बायोसला पासवर्ड नसल्याची खात्री अवश्य करावी.

पैसे देण्यापूर्वीची चाचणी

लिनक्सचा एक मोठा लाभ असा, की ते लॅपटॉपवर न बसवताही चालवून पाहता येते. किमान आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर रूफससारख्या मोफत साधनाने उबंटू किंवा लिनक्स मिंट उतरवून घ्यावे. विक्रेत्याच्या परवानगीने लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. डेल आणि लेनोव्होच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये त्यासाठी एफ१२, तर एचपीमध्ये एफ९ ही कळ दाबावी लागते. इन्स्टॉल न करता वापरून पाहण्याचा पर्याय निवडल्यास आतील डिस्कला धक्का लागत नाही.

त्यानंतर क्रमाने वाय-फाय जोडावे, ब्लूटूथ तपासावे, ध्वनिफीत वाजवून पाहावी, माइकवर बोलून ध्वनिमुद्रण ऐकावे आणि कॅमेरा उघडावा. पडद्याचा प्रकाश कळांनी कमी-जास्त होतो का, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का, तेही पाहावे. शेवटी झाकण मिटून दोन मिनिटांनी उघडावे. पडदा काळाच राहिला, तर ते मॉडेल टाळलेले बरे. ही सारी चाचणी पंधरा-वीस मिनिटांत होते. ऑनलाइन खरेदी असल्यास परताव्याची अट आधी वाचून हीच चाचणी पहिल्याच दिवशी करावी.

चाचणीत डिस्क दिसली नाही, तर ती बिघडलेली आहे असे समजू नये. बायोसमध्ये इंटेल आरएसटी ही व्यवस्था चालू असल्यास लिनक्सला डिस्क दिसत नाही आणि ती बदलून एएचसीआय करावी लागते. विंडोजही ठेवायचे असेल, तर हा बदल करण्यापूर्वी माहितीची प्रत काढावी आणि बिटलॉकरची रिकव्हरी की जवळ ठेवावी.

यंत्राइतकेच कामही पाहावे

लॅपटॉप योग्य असला, तरी नित्याचे काम लिनक्सवर होणार आहे का, हा प्रश्न उरतोच. ब्राउझरमधून चालणारी बँकिंग व शासकीय संकेतस्थळे सहसा अडत नाहीत. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे. टॅली, फोटोशॉप आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसची संगणकावर बसवायची आवृत्ती लिनक्ससाठी प्रसिद्ध होत नाही. दस्तऐवज आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस उपलब्ध आहे.

मराठी टंकनासाठी इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये अंगभूत आहे आणि युनिकोड मजकूर व्यवस्थित दिसतो. मात्र श्रीलिपीसारख्या विंडोजवरील प्रणालींच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये काम करणाऱ्या मुद्रण व्यावसायिकांनी आपल्या फाइल आधी रूपांतरित करून पाहाव्यात.

भारतात हा मार्ग नवा नाही. सी-डॅकने 'बॉस' हे भारतीय भाषांना आधार देणारे लिनक्स वितरण २००७ मध्ये प्रसिद्ध केले. केरळमध्ये 'काइट' ही शासकीय कंपनी शाळांसाठी उबंटूवर आधारित प्रणाली पुरवते आणि तेथील विद्यार्थ्यांचे संगणकशिक्षण अनेक वर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर चालत आले आहे. लिनक्स केवळ तज्ज्ञांसाठी असते, या समजाला हे सर्वांत ठोस उत्तर होय. तज्ज्ञतेची गरज बहुधा तेव्हाच भासते, जेव्हा यंत्र न तपासता घेतलेले असते.