महाराजाचा हिशेब

मुंबईच्या पश्चिम उपनगरांचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास विमानाला वगळून लिहिता येणार नाही. सहार, मरोळ, चकाला, कोले-कल्याण ही गावे एकेकाळी भातशेतीची. आज ती ओळखली जातात विमानतळाच्या कुंपणावरून. शेती गेली तशी नोकरीही त्याच कुंपणाआडून आली. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक घरांत कोणी हँगरमध्ये कारागीर होते, कोणी मालाच्या गोदामात, कोणी तिकिटांच्या खिडकीवर, तर कोणी प्रत्यक्ष विमानात. ‘एअर इंडियात आहे’ एवढे तीन शब्द स्थळ सांगून येण्यास पुरेसे होत. अशी ही संस्था २७ जानेवारी २०२२ रोजी सरकारच्या हातून टाटा समूहाकडे परत गेली, तेव्हा मागे उरला तो कर्जाचा डोंगर. तो कसा उभा राहिला आणि अखेर कोणाच्या माथी आला, याचा हिशेब आपण मांडून पाहणे उचित ठरेल.

कथेचा आरंभ जुहूला होतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानावर उतरले. मद्रासपर्यंतचा पुढील प्रवास त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केला. जुहूची धावपट्टी मातीची होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली गेली की सारा पसारा पुण्यास येरवड्याला हलवावा लागे. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात या कंपनीने अवघे १५५ प्रवासी व सुमारे ११ टन टपाल वाहून नेले. सरकारी अनुदान नव्हते. टपाल नेण्याचा मोबदला तेवढा मिळे, आणि त्यातच खर्च भागवावा लागे. काटकसर हा त्या काळी सद्गुण नव्हता, ती निकड होती.

१९४६ साली ही कंपनी ‘एअर-इंडिया’ या नावाने सार्वजनिक भागभांडवलाची झाली. १९४८ मध्ये परदेशी उड्डाणांसाठी ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ स्थापन झाली आणि तिच्यात सरकारने ४९ टक्के भाग घेतला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून लंडनला झेपावले. देशांतर्गत सेवेची स्थिती मात्र बिकट होती. युद्धानंतर स्वस्तात मिळालेली डकोटा विमाने घेऊन अनेक कंपन्या उभ्या राहिल्या होत्या, पण त्या साऱ्यांना पुरतील एवढे प्रवासी देशात नव्हते. १९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या समितीने या प्रश्नाचा विचार केला. राष्ट्रीयीकरणाची घाई करू नये, कंपन्यांची संख्या कमी करावी, असे तिचे मत होते. सरकारने वेगळा मार्ग धरला. १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या मिळून देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स झाली आणि परदेशी उड्डाणे एअर-इंडिया इंटरनॅशनलकडे राहिली.

राष्ट्रीयीकरण झाले म्हणजे ऱ्हास सुरू झाला, असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जे. आर. डी. टाटा १९७८ पर्यंत एअर इंडियाचे अध्यक्ष राहिले, आणि सरकारी मालकीच्या त्या पाव शतकातच मिशाळ ‘महाराजा’ने जगभर नाव कमावले. १९६२ पर्यंत कंपनीच्या ताफ्यात केवळ जेट विमाने होती. २ डिसेंबर १९६४ रोजी परमपूज्य पोप पॉल सहावे युकेरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईस आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. त्यांना रोमहून सांताक्रूझला आणले ते एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानाने. त्याच वर्षाच्या जानेवारीत पवित्र भूमीच्या यात्रेसाठी त्यांनी इटलीच्या राष्ट्रीय कंपनीचे, अलिटालियाचे विमान वापरले होते. या दोन कंपन्यांचे दैव पुढे कसे जुळले, ते ओघात येईलच.

आणखी एक पान विसरता येणार नाही. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केले, तेव्हा आखातात कमावण्यास गेलेली आपली माणसे उघड्यावर पडली. जॉर्डनमधील अम्मानहून सुमारे दोन महिने विमानांच्या फेऱ्या होत राहिल्या आणि एक लाखाहून अधिक भारतीय मायदेशी परतले. २०२० साली कोविडच्या टाळेबंदीत परदेशी अडकलेल्यांना आणण्यासाठीही सरकारने प्रथम हाक दिली ती एअर इंडियालाच. ही सेवा नफ्यासाठी नव्हती, आणि नसावीच. परंतु तिचा खर्च कोणत्या खात्यावर मांडायचा, हा प्रश्न मात्र नीट सोडवला गेला नाही. मान्यवरांसाठी राखून ठेवलेल्या विमानांची बिलेसुद्धा सरकारी खात्यांकडे वर्षानुवर्षे थकत. घरचाच मालक उधारीवर नेतो आणि वर दुकान तोट्यात का म्हणून विचारतो, असा हा प्रकार होता.

१९९४ मध्ये कायद्याने मक्तेदारी संपली. खासगी कंपन्या आल्या, आखाती कंपन्यांच्या फेऱ्या वाढल्या. स्पर्धेला तोंड द्यायचे तर नवी विमाने हवीत, पण खरेदीचा निर्णय मंत्रालयाच्या फायलींतून हलेना. विमान कोणते, मार्ग कोणता, माणसे किती, हे ठरविणारा एक आणि तोट्याचा जाब ज्याला विचारायचा तो दुसरा, अशी ही व्यवस्था होती. बरीच वर्षे काहीच न घेतल्यावर २००५-०६ च्या सुमारास दोन्ही कंपन्यांनी मिळून एकदम १११ विमानांची मागणी नोंदविली, आणि तीही मुख्यतः कर्जावर. त्यानंतर लगेच, २००७ मध्ये, दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले. विलीनीकरणापूर्वीच्या वर्षात दोघींचा एकत्रित तोटा सुमारे ७७० कोटी रुपये होता. दोनच वर्षांत तो ५,००० कोटींच्या पुढे गेला.

या विलीनीकरणात कागद एक झाले, माणसे एक झाली नाहीत. विमानांच्या जाती वेगळ्या, वेतनश्रेणी वेगळ्या, बढतीचे नियम वेगळे. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या दोघांच्या हाती निरनिराळे पगार पडत. वाद संपावेत म्हणून न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली ती २०११ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी. दरम्यान २००८ साली खनिज तेलाच्या भावाने उच्चांक गाठला आणि पाठोपाठ जागतिक मंदी आली. मार्च २०१० अखेर कर्ज ३८,००० कोटींच्या वर पोहोचले होते. विमानखरेदीचा त्यात मोठा वाटा असल्याचे महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात दाखवून दिले. त्याच सुमारास कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन्‌महिने रखडू लागले. उपनगरांतील कैक घरांनी ती ओढाताण सोसली.

२०१२ मध्ये सरकारने टप्प्याटप्प्याने ३०,२३१ कोटींचे भांडवल ओतण्याची योजना आखली, पण व्याजाचे भोक त्याहून मोठे होते. २०१८ मध्ये ७६ टक्के भाग विक्रीस काढला, तर एकही गिऱ्हाईक पुढे आले नाही. अखेर सर्व भाग विकण्याची तयारी दाखविल्यावर ८ ऑक्टोबर २०२१ रोजी टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली. त्यातील २,७०० कोटी रोख, आणि १५,३०० कोटींचे कर्ज खरेदीदाराने पत्करायचे.

आता येथे वाचकांनी कागद-पेन्सिल हाती घ्यावी. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी एकूण कर्ज ६१,५६२ कोटी होते. त्यातून १५,३०० कोटी वजा जाता ४६,२६२ कोटी उरतात. ते गेले सरकारच्याच दुसऱ्या एका कंपनीच्या माथी. जमिनी व इमारतीही तिच्याकडेच आल्या. नरिमन पॉइंटची प्रसिद्ध इमारत पुढे १,६०१ कोटींना महाराष्ट्र शासनाने घेण्याचे ठरले. परंतु अशा विक्रीतून सगळे कर्ज फिटणे शक्य नव्हते. १४० कोटी लोकसंख्येने भागले तर त्या उरलेल्या कर्जाचा भार माणशी सुमारे ३३० रुपये पडतो, पाच माणसांच्या कुटुंबामागे १,६५० रुपये. ज्यांनी जन्मात विमानाची पायरी चढली नाही, त्यांच्या वाट्यालाही तो आलाच.

पैशापलीकडची किंमत कलिनाच्या वसाहतीने मोजली. मालकी बदलताच सहा महिन्यांत घरे रिकामी करण्यास सांगण्यात आले. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२४ च्या जानेवारीत तेथील काही इमारतींवर हातोडा पडला. जमीन विमानतळाची आणि घरे नोकरीची, हे कायद्याला धरून असेल. तथापि ज्या कुटुंबांच्या दोन पिढ्या त्या आवारात वाढल्या, त्यांचे दुःख ताळेबंदाच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

असे आपल्याच देशी घडले असे नाही. वर उल्लेखिलेली अलिटालियाही १९४६ चीच. इटलीच्या सरकारांनी तिला पुनःपुन्हा सावरले, मालक बदलून पाहिले, कर्जे दिली. शेवटी १४ ऑक्टोबर २०२१ रोजी तिचे अखेरचे विमान उतरले. एका पोपना एकाच वर्षी वाहून नेणाऱ्या दोन राष्ट्रीय कंपन्यांचा सरकारी अध्याय असा सहा दिवसांच्या अंतराने मिटला.

मग खासगी मालकी हाच उपाय म्हणावा काय? किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी. दोघींचा कारभार आपल्याच उपनगरांतून चाले, आणि दोघींच्या बुडालेल्या कर्जांत सरकारी बँकांचा, म्हणजे पुन्हा आपल्याच ठेवींचा, मोठा भाग होता. तेव्हा मालक कोण, यापेक्षा हिशेब कोण विचारतो, हा प्रश्न मोठा आहे. आपल्या धर्मग्रामाच्या पतपेढीची वार्षिक सभा आठवावी. मदतीपोटी सोडलेली रक्कम आणि गलथानपणाने बुडालेली रक्कम खजिनदाराने एकाच ओळीत दाखविली, तर मागच्या बाकावरचा एखादा सभासद उठून उभा राहतोच. एअर इंडियाच्या ताळेबंदात देशसेवेचा खर्च आणि चुकीच्या निर्णयांचा खर्च असाच एका ओळीत लिहिला गेला. सेवेच्या नावाखाली चुका झाकल्या गेल्या आणि चुकांच्या गदारोळात सेवा विसरली गेली. सहार-कलिनाच्या माणसांनी अर्धशतकाहून अधिक काळ या संस्थेत जे प्रामाणिक कष्ट केले, त्यांची नोंद तरी वेगळ्या पानावर व्हायला हवी.