शाखेवरची शिट्टी

पिस्कॅटवेला येऊन मला आता तीस वर्षं होत आली. दरवर्षी गणपतीत एक तक्रार हमखास कानावर येते : "मुलं नुसती फोन घेऊन कोपऱ्यात बसतात हो, मदतीला कोणी येत नाही." तक्रार खोटी नाही. पण ती ऐकली की मला पुण्यातली आमची राष्ट्र सेवा दलाची शाखा आठवते आणि वाटतं, आपण या मुलांच्या हातात नेमकं दिलं तरी काय?

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडा इतिहास सांगतो. सेवा दलाची उभारणी ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली. एस. एम. जोशी पहिले दलप्रमुख, ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये बरोबर होते, आणि साने गुरुजी म्हणजे साऱ्यांचं प्रेरणास्थान. जात-धर्म न पाहता मुलामुलींनी एकत्र खेळावं, गावं, विचार करावा, हा हेतू. सव्वा वर्षाच्या आतच 'चले जाव' चळवळ पेटली. मोठे पुढारी तुरुंगात गेले किंवा भूमिगत झाले, आणि दलातले अनेक तरुण स्वतःच्या हिमतीवर चळवळीत उतरले.

पुढे पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला, तेव्हा गाणी-पोवाडे घेऊन दलाचं कलापथक बरोबर होतं. १ मे १९४७ ला गुरुजींनी पंढरपुरात उपोषण सुरू केलं. मंदिर खुलं करायचं मान्य झाल्यावर १० मे रोजी ते सुटलं. याच कलापथकाच्या परंपरेतून वसंत बापट, निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके अशी माणसं महाराष्ट्राला मिळाली. निळूभाऊ तेव्हा माळीकाम करत आणि राम नगरकरांचा व्यवसाय केशकर्तनाचा. उभं राहून बोलायला लावताना दलाने कोणाची पदवी विचारली नाही.

आमची शाखा संध्याकाळी तासभर भरे. खो-खो, लेझीम, समूहगीतं, शेवटी थोडी चर्चा. चौदाव्या वर्षी माझ्या हातात शिट्टी आली. पहिल्याच दिवशी मी इतका आरडाओरडा केला की निम्मी पोरं घरी निघून गेली. आमचे दादा मैदानाच्या कडेला बसून सगळं पाहत होते, पण मध्ये पडले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "उद्या काय करणार आहेस?" रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलांच्या घरी गेलो आणि त्यांनाच विचारलं, कुठला खेळ घ्यायचा ते.

काही वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या छोट्या गणेशोत्सवात आम्ही महाप्रसादाची व्यवस्था हायस्कूलच्या मुलांवर सोपवली. त्यांचा अंदाज चुकला. शेवटच्या चार कुटुंबांना पुऱ्याच उरल्या नाहीत. "पुढच्या वर्षी आपणच बघू," असं आम्हा मोठ्यांत लगेच ठरू लागलं. मी आडवा आलो. खरं सांगायचं तर त्या चार कुटुंबांत माझंही होतं, म्हणूनच माझं ऐकलं गेलं असावं!

आम्ही मुलांना बोलावून फक्त दादांचा प्रश्न विचारला. पुढच्या वर्षी त्यांनी आधी घरोघर फोन करून माणसं मोजली आणि आजी-आजोबांची पंगत पहिली बसवली. हे आम्हाला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

शिबिरं, भाषणं, प्रमाणपत्रं जरूर असावीत. कॉलेजच्या अर्जालाही ती उपयोगी पडतात. पण या वर्षी आपल्या मंडळाचा एखादा कार्यक्रम, त्याच्या खर्चाच्या पैशांसकट, मुलांकडे देऊन पाहू या. त्यांचं चुकेल तेव्हा दादांसारखं कडेला बसून राहणं आपल्याला जमेल का, याचीच मला जास्त काळजी वाटते.