बोंगोची घडण आणि वाजवणाऱ्याचे हात

बोंगो आपल्याकडे हिंदी चित्रपटाच्या गाण्यांतून आला. मुंबईच्या स्टुडिओंत तो रुजवणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचे नाव घेतले जाते. पुढे गावोगावच्या ऑर्केस्ट्रांत तो दिसू लागला आणि गुडघ्यांत दोन छोटे ढोल धरून बसलेला वादक म्हणजे काहीतरी साहेबी प्रकार, अशी आपली समजूत झाली. ही समजूत साफ चुकीची आहे. बोंगो क्यूबातल्या काळ्या माणसांच्या वस्तीत जन्मला.

१९७२ साली आपल्या तरुणांनी अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले. काळ्यांच्या कविता, आत्मचरित्रे आपण वाचली, त्यांवर परिसंवाद घेतले. त्यांच्या ढोलांकडे मात्र आपण वळलो नाही. याला कारण आहे आणि ते आपल्याच घरात आहे. पण आधी क्यूबा.

क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली १८८६ साली. त्याच सुमारास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बेटाच्या पूर्व भागात, ओरिएन्ते प्रांतात हे वाद्य आकाराला आले. लाकडाचे दोन लहान ढोल, एक मोठा, एक धाकटा, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून जोडलेले. वर कातडे, खालची बाजू उघडी. मोठ्याला म्हणतात मादी, धाकट्याला नर. (पुरुषाला धाकटा ठेवण्याचे हे शहाणपण आपल्याला कुठे सुचले?) खालून उघडा, एका कातड्याचा ढोल ही आफ्रिकेची आठवण. पण असे दोन ढोल जोडून गुडघ्यांत धरायचे आणि बोटांनी वाजवायचे, ही रीत क्यूबातली. म्हणजे आज ज्याला आपण रूढ बोंगो म्हणतो, तो स्वतःच एके काळी चाकोरीबाहेरची घडण होता. ग्वांतानामोकडच्या ‘चांगुई’ नावाच्या गाण्यात त्याच्या साथीला ‘मारिम्बुला’ असे: लाकडी खोके, त्याच्या तोंडाशी लोखंडी पट्ट्या, आणि वाजवणारा त्याच खोक्यावर बसलेला. खर्ज हवा, पण मोठे वाद्य घ्यायला पैसा नाही, तेव्हा माणूस असा मार्ग काढतो.

मग राज्यसत्ता आली. क्यूबा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात असताना, १९०० साली, हवानाच्या नगराध्यक्षाने हुकूम काढून आफ्रिकन वंशाचे ढोल वाजवायला बंदी केली, रस्त्यावर आणि घरातसुद्धा. पुढची दोन-तीन दशके पोलीस ढोल जप्त करीत राहिले. बोंगोवरही बंदी आली. गोऱ्यांच्या दिवाणखान्यात गाणे हवे होते, फक्त त्यातला काळा ढोल नको होता. तेव्हा वादकांनी ‘तिम्बालितो’ वापरले. युरोपीय नगाऱ्याच्या वंशातले हे छोटे जोडढोल. ते काठ्यांनी वाजवायचे आणि त्यांवर बोंगोचेच बोल काढायचे. ही घडण सोयीची होती काय? बोटांचे बारकावे काठीला कुठून येणार? पण पोलीस दारात उभा असताना सोय कशाला म्हणायचे हे वेगळे ठरते. तसेच ‘काहोन’चे. हवाना आणि मातान्सास या बंदरांत हमालांनी, कामगारांनी खारवलेल्या माशांची, मेणबत्त्यांची रिकामी खोकी बडवली आणि त्यांवर रुम्बा उभा केला. ढोल बाळगणे धोक्याचे होते, खोके बाळगणे हा काही गुन्हा नव्हता.

वाद्यांच्या घडणीवर लिहिणारे लोक लाकूड, कातडे, नाद यांवर पुष्कळ लिहितात. घडण कुणाच्या धाकाने बदलली, हे एखाद्या ओळीत उरकतात. म्हणून हा प्रपंच.

जुन्या बोंगोचे कातडे खिळ्यांनी ठोकलेले असे. दमट हवेत ते सैल पडे, मग ते दिव्यावर किंवा शेगडीवर धरून तापवायचे. ज्याच्या घरात हलगी होती त्याला हे समजावून सांगायला नको. जास्त तापले की कातडे फाटते, आणि नवे चढवायचे तर भिजवून, ताणून, पुन्हा खिळे. १९४० नंतर लोखंडी कडी आणि मळसूत्रे आली. पाना फिरवला की सूर चढला. आगीची कटकट गेली. पण वाद्य जड झाले, आणि कड्याची धार बोटांच्या मुळाशी लागू लागली. शिवाय, सैल कातड्यावर बोट घासून जो घुमणारा हुंकार जुने वादक काढीत, तो ताणून बांधलेल्या कातड्यावर तसा निघत नाही. सोय आली, तिने एक आवाज नेला.

१९६२ साली अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला आणि न्यूयॉर्कच्या वादकांना क्यूबाचे ढोल मिळेनात. त्या गरजेतून मार्टिन कोहेन या अभियंत्याने बोंगो बनवायला घेतले आणि १९६४ साली ‘लॅटिन पर्कशन’ ही कंपनी काढली. तो वादकांना विचारून घडण बदलीत गेला, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. कडे गोलसर झाले, लाकडाऐवजी फायबर ग्लास आले, उभ्याने वाजवायला स्टँड आला. यातले जे हाताला मानवले ते टिकले. पण नफा ओरिएन्तेच्या डोंगरात परत गेला नाही. ज्यांचे ढोल पोलिसांनी नेले त्यांच्या हातची घडण आता दुकानात किमतीची चिठ्ठी लावून उभी होती.

आता आपल्या घरातले कारण. क्यूबात ढोल काळ्या माणसाच्या हातातून हिसकावला गेला; आपल्याकडे तो हातात कोंबला गेला. मेलेले ढोर आपणच ओढायचे, त्याचे कातडे आपणच काढायचे आणि गावाच्या मिरवणुकीपुढे, उन्हात, हलगी आपणच बडवायची. देव देवळात गेला की आपण बाहेर. १९५६ च्या धर्मांतरानंतर माझ्या आज्याने हलगी खाली ठेवली ती पुन्हा उचलली नाही. गावाने बैते बंद केले, तरी नाही. तिथे ढोल वाजवणे हे बंड होते, इथे न वाजवणे हे बंड झाले. काळ्यांच्या इतिहासाचा साचा जसाच्या तसा उचलून ‘आपली वाद्ये जपा’ असे सांगणारे पाहुणे व्याख्याते येतात, तेव्हा मला आजा आठवतो आणि मी टाळ्या वाजवीत नाही.

पण गेल्या वर्षी युवक महोत्सवासाठी माझ्याच वर्गातला एक मुलगा हलगी घेऊन आला. आपल्याच वस्तीतला. कडे लोखंडाचे, वर कातड्याच्या जागी फायबर, कडेने मळसूत्रे. ढोर नाही, सोलणे नाही. मी बराच वेळ ती हातात धरून पाहिली. नाद थोडा पत्र्यासारखा वाटला, तसे त्याला बोललोही. ‘कोणासाठी वाजवणार?’ असेही विचारले. तो म्हणाला, ‘आमच्या नाटकासाठी, सर. महाडच्या तळ्यावर आहे.’

‘आणि शेकायची कुठे? इथे जाळ करू देणार नाहीत.’

त्याने खिशातून पाना काढून दाखवला.