चार मिनिटांच्या गाण्याची बाजू

तोयोसुहून बोलतोय.

आजचा विषय आहे रॉक संगीत. नाव ऐकून लगेच बंद करू नका. गोष्ट इंग्रज वादकांची असली तरी ती घडली आपल्या टोकियोत, आणि तिच्यातला प्रश्न आपल्या मुलांच्या गाण्याच्या क्लासपर्यंत येऊन पोचतो.

तारीख आहे ६ डिसेंबर १९८३, ठिकाण निप्पोन बुडोकान. तोयोसुला राहणाऱ्यांनी युराकुचो लाइनने इइदाबाशीला उतरायचं आणि तोझाई लाइनने एक स्टेशन पुढे कुदानशिताला जायचं, की आलंच. ही इमारत १९६४च्या ऑलिंपिकमधल्या जुदोसाठी बांधली. १९६६मध्ये बीटल्स तिथे गायले, तेव्हा युद्धकलांच्या सभागृहात रॉक कशाला, म्हणून विरोध झाला होता. १९८३च्या त्या दिवशी तिथे ‘एशिया’ नावाचा बँड वाजवत होता आणि कार्यक्रम उपग्रहावरून थेट अमेरिकेत एमटीव्हीवर दिसत होता. कार्यक्रमाचं नाव ‘एशिया इन एशिया’.

आता ही माणसं कोण होती ते पाहू. गिटारवर स्टीव्ह हाऊ, हे ‘येस’ बँडमधले. ड्रम्सवर कार्ल पामर, ‘इमर्सन, लेक अँड पामर’मधले. कीबोर्डवर जेफ डाउन्स, आधी ‘बगल्स’ आणि मग थोडा काळ ‘येस’. आणि बँडचे मूळ गायक व बास वादक जॉन वेटन, ‘किंग क्रिमसन’मधले. यातल्या येस, किंग क्रिमसन आणि इमर्सन-लेक-पामर या तीन नावांवर १९७०च्या दशकातलं प्रोग्रेसिव्ह रॉक उभं होतं.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय, हे आपल्या कानांना समजावणं सोपं आहे. बडा ख्याल आठवा. आधी शांत आलापी, मग हळूहळू बढत, लय वाढते, शेवटी द्रुत. या बँडांनी रॉकमध्ये असाच विस्तार आणला. येसचं १९७२चं ‘क्लोज टू द एज’ अठरा मिनिटांहून मोठं आहे. इमर्सन-लेक-पामरचं ‘टार्कस’ वीस मिनिटांचं. किंग क्रिमसनचं ‘स्टारलेस’ बारा मिनिटांचं, आणि त्यात वेटनचा आवाज आहे. जपानी श्रोत्यांना हे संगीत फार लवकर भावलं. १९७२मध्ये इमर्सन-लेक-पामर टोकियोच्या कोराकुएन बेसबॉल स्टेडियममध्ये वाजवून गेले. वेटनच्या ‘यूके’ या बँडने १९७९मध्ये आपला थेट अल्बम टोकियोतच ध्वनिमुद्रित केला.

आणि मग १९८२च्या मार्चमध्ये ‘एशिया’चा पहिला अल्बम आला. त्यात एकही गाणं सहा मिनिटांचं नाही. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो नऊ आठवडे पहिला होता आणि त्या वर्षाच्या वार्षिक यादीतही पहिलाच आला. एकट्या अमेरिकेत त्याच्या चाळीस लाखांहून जास्त प्रती खपल्या. जुने चाहते मात्र चिडले. ‘विकले गेले’, ‘कंपनीने जुळवलेला बँड’, ‘कॉर्पोरेट रॉक’ असे शिक्के बसले, आणि ते पुढे कितीतरी वर्षं निघाले नाहीत.

मंडळी, हा शिक्का खरा आहे का, ते आज तपासू या. माझा धंदा आयटी सल्लागाराचा. एखादी जुनी सिस्टीम बदलली की लोक म्हणतातच, ‘पहिली बरी होती.’ तेव्हा मी दोन प्रश्न विचारतो. बदल का करावा लागला? आणि बदलताना नेमकं काय गेलं?

पहिला प्रश्न घेऊ. जुना संसार चालण्यासारखा राहिला होता का? १९७७मध्ये इमर्सन-लेक-पामर अख्खा ऑर्केस्ट्रा बरोबर घेऊन अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले. खर्च इतका झाला की थोड्याच कार्यक्रमांनंतर ऑर्केस्ट्रा परत पाठवावा लागला. १९७९मध्ये बँड संपला. तोवर पंक आलं होतं, तीन सूर आणि तीन मिनिटं. रेडिओ स्टेशनंही ठरावीक साच्यात लहान गाणी वाजवू लागली होती. किंग क्रिमसन १९७४मध्येच थांबला होता, येस १९८१मध्ये विखुरला. म्हणजे ‘एशिया’ने अठरा मिनिटांची गाणी सोडली असं म्हणणं अर्धंच खरं आहे. ती वाजवणारी घरंच बंद पडली होती. तिशीच्या आसपासचे चार उत्तम वादक होते आणि हाती काम नव्हतं.

त्यात १ ऑगस्ट १९८१ला एमटीव्ही सुरू झालं. त्यावर दाखवलेला सगळ्यात पहिला व्हिडिओ होता ‘बगल्स’चा ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’, म्हणजे डाउन्सच्याच बँडचा. रेडिओवर बसून हे सांगताना मला जरा गंमत वाटते. टीव्हीने रेडिओला मारल्याचं गाणं करणारा माणूस दोन वर्षांनी त्याच चॅनेलसाठी बुडोकानच्या मंचावर उभा होता, आणि आज त्याची गोष्ट तुम्ही रेडिओच्या कार्यक्रमात ऐकताय.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. काय गेलं? लांबी गेली, हे उघड आहे. पण पहिला अल्बम नीट ऐका. ‘हीट ऑफ द मोमेंट’ हे सगळ्यात गाजलेलं गाणं. त्याच्या मधल्या भागात हाऊ कोतो वाजवतो, तेच कोतो जे आपली मुलं इथे शाळेच्या सांस्कृतिक कार्यक्रमात ऐकतात. चार मिनिटांच्या लोकप्रिय गाण्यात असा तुकडा घालायचं कोणी बंधन घातलं नव्हतं. ‘टाइम अगेन’मध्ये पामरचे ड्रम्स ऐका. विस्तार नाही, पण हात तोच आहे. आणि श्रेयनामावली बघा. वेटन आणि डाउन्स यांची जोडी पुढे आहे, पण अनेक गाण्यांच्या रचनेत हाऊचंही नाव आहे. वेगवेगळ्या घराण्यांतली माणसं एका खोलीत बसली आहेत आणि एकमेकांचं ऐकतायत, हे कानाला कळतं.

आता १९८३चा दुसरा अल्बम घ्या, ‘अल्फा’. गाणी पहिल्याइतकीच लहान, आवाज तसाच भरदार. पण अल्बममधल्या दहाही गाण्यांची रचना फक्त वेटन आणि डाउन्स यांची आहे. हाऊचं एकही गाणं नाही. गिटार मागे गेली, सगळं एकाच चवीचं झालं. हा अल्बम अमेरिकेत सहाव्या क्रमांकापर्यंत गेला, म्हणजे आपटला असं नाही, पण पहिल्यासारखा टिकलाही नाही.

इथे माझं मत सांगतो. टीकाकारांनी दोन अल्बमना एकच शिक्का मारला, आणि तिथे त्यांचं चुकलं. लहान गाणं म्हणजे हलकं गाणं नव्हे. पहिला अल्बम लहान आणि दमदार आहे, दुसरा लहान आणि पातळ आहे. दोन्हींत लांबी तीच. फरक आहे तो किती जणांचा हात लागला याचा. बाजारासाठी गाणं करणं हा दोष नव्हता. यश मिळाल्यावर खोलीतली माणसं कमी करत गेले, हा दोष होता.

बुडोकानच्या त्या दिवशी हे सगळ्यांच्या समोर आलं. कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी वेटन बँडबाहेर गेला होता. त्याच्या जागी आले ग्रेग लेक, म्हणजे पामरचे जुने सोबती आणि किंग क्रिमसनचे पहिले गायक. आवाज थोर, पण पट्टी वेगळी. थोड्या दिवसांत अख्खा कार्यक्रम बसवायचा होता, आणि काही गाणी खालच्या पट्टीत घ्यावी लागली. आपल्याकडे ऐनवेळी नायक बदलला की नाटक कसं चालतं, ते आठवा. प्रयोग निभावला, पण पुढच्याच वर्षी वेटन परत आला आणि हाऊ निघून गेला. १९८५चा ‘अॅस्ट्रा’ बिलबोर्डच्या पहिल्या पन्नासातही पोचला नाही आणि बँड थांबला.

याच काळात बाकीच्यांचं काय झालं, तेही बघा. येसने १९८३मध्ये ‘९०१२५’ काढला, आणि त्यातलं ‘ओनर ऑफ अ लोनली हार्ट’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. जेनेसिसच्या १९८६च्या ‘इन्व्हिजिबल टच’ला लोक निव्वळ पॉप म्हणतात, पण त्यात दहा मिनिटांहून मोठं ‘डॉमिनो’ही आहे. म्हणजे ‘आधीचं अस्सल, नंतरचं धंदेवाईक’ अशी सरळ रेघ कुठेच ओढता येत नाही.

मंडळी, आपल्याला हे नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२चं, त्यात शंभराहून जास्त पदं. प्रयोग रात्रभर चालायचे. पुढे काळ बदलला, शेवटची लोकल गाठायची असायची, सिनेमा आला होता. १९६४मध्ये ‘मत्स्यगंधा’ आलं, १९६७मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपदं आटोपशीर केली, चाली नव्या बांधल्या. रात्रभराची मैफल गेली, राग मात्र राहिला. आज आपण त्या काळाला नाट्यसंगीताचा उतार म्हणत नाही, नवा बहर म्हणतो. आणि २०१५मध्ये ‘कट्यार’चा सिनेमा आला, तेव्हा मूळ नाटकाच्या भक्तांनी नवीन गाण्यांवर नाकं मुरडलीच. त्याच सिनेमामुळे कितीतरी परदेशी वाढलेल्या मुलांनी पहिल्यांदा ‘खाँसाहेब’ हा शब्द ऐकला.

आपलं तोयोसु तरी काय आहे? हाऊ बुडोकानमध्ये गिटार वाजवत होता तेव्हा इथे मेट्रोचं स्टेशन नव्हतं, ते १९८८मध्ये आलं. आज जिथे लालापोर्ट आहे तिथे जहाजं बांधली जात होती. कारखाना २००२मध्ये बंद झाला आणि २००६मध्ये मॉल उघडला. जुनी माणसं म्हणत असतील की तोयोसु दुकानदार झालं. पण मॉल बांधणाऱ्यांनी गोदी बुजवली नाही, क्रेनही उभी ठेवली. म्हणून आपल्या मुलांना इथे जहाजं बांधत होते हे दाखवता येतं.

परदेशात आपण सगळेच संस्कृतीची लहान आवृत्ती चालवतो. दहा दिवसांचा गणपती एका रविवारी बसतो. गाण्याचा क्लास ऑनलाइन, चाळीस मिनिटांचा. भारतातून आलेले आजी-आजोबा प्रेमाने म्हणतात, ‘आमच्या वेळचं काही राहिलं नाही.’ त्याने मन खट्टू होतं, आणि कधी आपल्यालाही तसंच वाटतं. अशा वेळी मला ‘एशिया’चे ते दोन अल्बम आठवतात. वेळ कमी झाला याचं फार वाईट वाटून घेऊ नका. लक्ष ठेवायचं ते दुसऱ्या गोष्टीवर. हात किती लागतायत? आरास मुलं करतायत की तयार मागवली? आरती सगळे म्हणतायत की स्पीकर म्हणतोय? रविवारच्या दोन तासांत दहा घरांचे हात असतील तर तो ‘एशिया’चा पहिला अल्बम आहे. दोघंच सगळं उरकत असतील, तर कितीही झगमगाट असला तरी ‘अल्फा’ होणार.

एक शेवटची गोष्ट. २००६मध्ये मूळ चौघं पुन्हा एकत्र आले, आणि २००७मध्ये टोकियोत पुन्हा वाजवलं. त्या मैफलीचा अल्बम आहे, ‘फँटेशिया’. त्यात ‘हीट ऑफ द मोमेंट’ आहेच, पण प्रत्येकाच्या जुन्या घराण्याचं एकेक गाणंही आहे. येसचं, किंग क्रिमसनचं, इमर्सन-लेक-पामरचं, आणि हो, रेडिओला मारणारं बगल्सचंही. टोकियोचे श्रोते जुन्या आणि नव्या, दोन्हींना सारखीच दाद देतात. लेक २०१६च्या डिसेंबरमध्ये गेले, वेटन २०१७च्या जानेवारीत. ही मैफल राहिली आहे.

या आठवड्यात घरी दोन गोष्टी लावा. पहिल्या अल्बममधलं ‘हीट ऑफ द मोमेंट’, आणि लगेच पाठोपाठ ‘मत्स्यगंधा’तलं एखादं पद. मुलांना विचारा, कोतो कुठे ऐकू आलं ते. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर पद कोणत्या रागात आहे ते त्यांना विचारा. उत्तरं आम्हाला कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवू.

तोवर, नमस्कार.