इन्व्हिजिबल एक्सएमएल
* अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संशोधनसंस्थेतील स्टीव्हन पेंबर्टन यांनी २०१३ मध्ये मांडलेली पद्धत; तिच्या १.० आवृत्तीचे नियम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मूळ मजकुराला हात न लावता त्याच्या रचनेचे व्याकरण वेगळे लिहायचे (तारीख म्हणजे दिवस, तिरपी रेघ, महिना, तिरपी रेघ, वर्ष) आणि पार्सर (व्याकरणानुसार मजकूर वाचणारा प्रोग्रॅम) त्यानुसार प्रत्येक घटकाभोवती एक्सएमएलचे टॅग घालतो. व्याकरणाने दिवस-महिना आणि महिना-दिवस हे दोन्ही क्रम मान्य केले असतील, तर ०३/०४/२०२२ चे दोन अर्थ निघतात. पार्सर त्यांतला एक देतो, पण मजकूर संदिग्ध असल्याची नोंदही करतो. जुन्या कागदपत्रांच्या संपादकाला ही नोंद अमूल्य वाटावी. कारण गुपचूप निवडलेला अर्थ पुढच्या अभ्यासकाच्या लक्षातच येत नाही. टॅग लागल्यावर नको असलेली रेघ गाळायला व्याकरणात तिच्याआधी वजाचिन्ह पुरते.